अंतर्वर्गाची निर्मिती आणि ‘कोणाचा?’ हा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

नागपुरातील रामदासपेठेत विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. अशा कोणत्याही ग्रंथालयात नव्याने आलेल्या पुस्तकावर दोन अंक पडतात. पहिला वर्गांक. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी वाङ्मयाचा वर्गांक ८९१.४६ आहे, तो रामदासपेठेत जो, तोच पुण्यात आणि तोच लंडनमध्ये. दुसरा दाखलक्रमांक. ‘दाखलक्रमांक ५०००’ एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याने ‘कोणत्या ग्रंथालयाचा?’ असे विचारल्यावाचून त्या शब्दांना पुरता अर्थ येत नाही. दोन ग्रंथालयांतील दाखलक्रमांक ५००० ही दोन वेगवेगळी पुस्तके असतात. वर्गांक ग्रंथालयात वापरला जात असला, तरी तो कोणत्याही एका ग्रंथालयाचा नसतो. दाखलक्रमांक मात्र कोणत्यातरी एका ग्रंथालयाचाच असतो.

वस्तुनिष्ठ आज्ञावलीच्या, म्हणजेच ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या, इतिहासात हाच भेद एका वादग्रस्त प्रकरणाच्या मुळाशी आहे. ह्या पद्धतीत ‘वर्ग’ हा आराखडा असतो आणि त्या आराखड्यावरून ‘वस्तू’ निर्माण केल्या जातात. ‘ग्रंथालय’ हा वर्ग लिहिला, तर त्याच्या पोटात ‘दाखलनोंद’ हा दुसरा वर्ग लिहिता येतो. पोटातील असा वर्ग आपल्या बाह्यवस्तूशी बांधलेला असेल, तर त्यास अंतर्वर्ग म्हणतात. आराखड्यात आराखडा लिहिणे ही केवळ मांडणीची सोय आहे. अडचण येते ती वस्तू निर्माण करण्याच्या क्षणी. ‘नवी दाखलनोंद कर’ अशी आज्ञा दिली असता ती नोंद कोणत्या ग्रंथालयाची, हे कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगावयाचे? बोलणाऱ्याने, की संदर्भाने? ह्या एका प्रश्नाला निरनिराळ्या संगणकभाषांनी गेल्या सहा दशकांत जी उत्तरे दिली, त्यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

२. संबंधिशब्द

हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांना नवा नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेत त्याचा विचार ‘संबंधिशब्द’ ह्या नावाखाली झालेला आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या महाभाष्यात पतंजलीने असे दाखवून दिले आहे की, मातेशी कसे वागावे किंवा पित्याची सेवा कशी करावी, हे सांगताना ‘स्वतःच्या’ हा शब्द उच्चारावा लागत नाही. माता आणि पिता हे शब्दच संबंध बोलतात. उपदेश शंभर जणांना एकदम केला, तरी प्रत्येक जण आपापल्या मातेचाच बोध करून घेतो. हे महाभाष्य आधुनिक अभ्यासकांच्या हाती आले ते मुख्यतः महाराष्ट्रातून. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांची चिकित्सक आवृत्ती १८८० ते १८८५ ह्या काळात मुंबईत प्रसिद्ध झाली. पुढे म. म. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी त्याचे मराठी भाषांतर केले.

मराठीत ह्या प्रकाराची उदाहरणे घरोघर सापडतात. ‘आई बाजारात गेली’ असे कोणी म्हटले, तर ती बोलणाऱ्याची आई. दारात उभ्या असलेल्या मुलाला ‘बाबा आहेत का?’ असे विचारले, तर ते ऐकणाऱ्याचे बाबा. षष्ठीचा प्रत्यय कोठेही उच्चारलेला नाही. तो संदर्भाने पुरविला आहे. मात्र संदर्भ पुरविणारी व्यक्ती समोर नसली, तर वाक्य अडते. भिंतीवरील निनावी पाटीवर ‘आई बाजारात गेली आहे’ एवढेच लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्यास काहीच कळत नाही.

‘मुलगा’ ह्या शब्दाचे वर्तन तर विशेष उद्बोधक आहे. ‘रस्त्यात एक मुलगा उभा होता’ ह्या वाक्यात तो संबंधनिरपेक्ष आहे, तर ‘जोशांचा मुलगा मुंबईला असतो’ ह्या वाक्यात तो संबंधसापेक्ष आहे. शब्दाचे रूप एकच. परंतु एका अर्थी तो वर्गांकासारखा, तर दुसऱ्या अर्थी दाखलक्रमांकासारखा. संगणकभाषांत पोटातील वर्गाच्या बाबतीत जो घोळ पुढे झाला, तो बऱ्याच अंशी ह्याच जातीचा होता.

ही तुलना प्रश्नाच्या घडणीपुरतीच घ्यावयाची आहे. संगणकभाषा रचणाऱ्यांनी पतंजलीचा आधार घेतला, असे येथे सुचवावयाचे नाही. पाणिनीय परंपरेकडे त्या क्षेत्रातील मंडळींचे लक्ष मात्र अधूनमधून गेलेले आहे. १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी संगणकभाषांच्या व्याकरणलेखनासाठी रूढ असलेल्या बॅकस यांच्या पद्धतीस ‘पाणिनी-बॅकस रूप’ असे नाव द्यावे, अशी सूचना अमेरिकेतील एका प्रमुख संगणकविषयक मासिकात केली होती.

३. सिम्युला : मुके बंधन

योगायोगाने त्याच वर्षी वर्ग ही कल्पना संगणकभाषेत अवतरली. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात क्रिस्टेन न्यूगोर आणि ओले-योहान दाल हे दोघे वास्तव जगातील व्यवहारांचे अनुकरण संगणकावर घडवून आणण्यासाठी भाषा रचीत होते. १९६७ च्या मे महिन्यात ऑस्लोजवळील लिसेबू येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी वर्ग आणि उपवर्ग यांची मांडणी केली, आणि सिम्युला ६७ ही भाषा आकारास आली. ह्या कार्यासाठी दोघांस २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २००२ साली अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने दोघांचेही निधन झाले.

सिम्युलाचा पाया १९६० च्या अल्गोल ह्या भाषेत होता. अल्गोलमध्ये आज्ञावली ही एकात एक बसविलेल्या खंडांची रचना असते आणि आतल्या खंडास बाहेरच्या खंडातील नावे दिसतात. प्रत्यक्ष गणन चालू असताना आतल्या खंडापाशी दोन दुवे ठेवावे लागतात. एक, ‘मला कोणी बोलाविले?’ ह्याचा. दुसरा, ‘मी कोणाच्या पोटात लिहिलेला आहे?’ ह्याचा. ह्या दुसऱ्या दुव्यास स्थिर दुवा म्हणतात. दाल आणि न्यूगोर यांनी खंडालाच दीर्घायुषी करून त्याची वस्तू बनविली. त्यामुळे खंडात खंड असतो तसा वर्गात वर्ग असणे ओघानेच आले. सिम्युलासोबत मिळणारा ‘सिम्युलेशन’ हा वर्ग ह्याचा उत्तम नमुना होय. ‘प्रोसेस’ हा वर्ग त्याच्या पोटात आहे. आज्ञावलीचा खंड सिम्युलेशनच्या नावाने सुरू केला, की त्या खंडात ‘न्यू प्रोसेस’ एवढेच म्हणावयाचे. ती प्रोसेस कोणत्या सिम्युलेशनची, हे विचारावे लागत नाही, कारण बोलणारा स्वतः त्या सिम्युलेशनच्या आतच उभा असतो. घरातल्या माणसाने ‘आई’ म्हणावे, तसे हे आहे.

परंतु घराबाहेरच्याचे काय? सिम्युलाने त्याचे तोंडच बंद केले. एखाद्या वस्तूचे घटक बाहेरून वाचण्यासाठी वस्तूचे नाव, मग टिंब आणि मग घटकाचे नाव अशी रीत त्या भाषेत होती. तथापि ज्या वर्गाच्या पोटात दुसरा वर्ग आहे, त्याच्या वस्तूंना ही टिंबाची रीत लावता येणार नाही, असा नियम तिच्या मूळ ग्रंथात घालून दिलेला होता. ह्या नियमामुळे ‘अमक्या ग्रंथालयाची नवी दाखलनोंद’ असे बाहेरून म्हणण्यास वाटच उरली नाही. हा नियम लहरीने केलेला नव्हता. दोन ग्रंथालयांच्या नोंदी बाहेर हाती येऊ लागल्या, की त्या एकाच प्रकारच्या मानावयाच्या की दोन, हा प्रश्न उभा राहतो आणि आज्ञावली चालविण्यापूर्वीच तिची चूक पकडण्याचे काम अवघड होते. सिम्युलाने अवघड वाक्य सोडविण्याऐवजी ते व्याकरणातूनच वगळले. षष्ठीची गरज तिला पडली नाही, कारण परक्याशी बोलण्याचा प्रसंगच तिने येऊ दिला नाही.

४. टाळणारे आणि पत्करणारे

सिम्युलाच्या वारसांत येथून दोन तट पडले. पहिला तट बंधन टाळणाऱ्यांचा. १९८० च्या स्मॉलटॉकमध्ये वर्गांची नावे सर्वांना सारखीच खुली होती. वर्गाच्या पोटात वर्ग लिहिण्याची रीतच नव्हती. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिज येथे सिम्युलाचा वापर केलेला होता. त्यांच्या सी प्लस प्लस ह्या भाषेत वर्गात वर्ग लिहिता येतो. १९९० च्या सटीप संदर्भग्रंथानुसार आतल्या वर्गाचे नाव बाहेरच्या वर्गाच्या कक्षेत राहते. पण हे नाते नावापुरतेच आहे. आतल्या वर्गाच्या वस्तूस बाहेरच्या वस्तूचा कोणताही दुवा आपोआप मिळत नाही; हवा असल्यास लिहिणाऱ्याने तो स्वतः द्यावा. म्हणजे सी प्लस प्लसच्या दृष्टीने पोटातला प्रत्येक वर्ग हा वर्गांकच होय.

दुसरा तट बंधन पूर्णपणे पत्करणाऱ्यांचा. १९७६ पासून डेन्मार्कमधील आरहूस आणि नॉर्वेतील ऑस्लो येथे क्रिस्टेन्सेन, मॅडसेन, म्योलर-पेडरसन आणि स्वतः न्यूगोर यांनी बेटा ही भाषा घडविली. बेटामध्ये वस्तूच्या पोटातील आराखडा हा त्या विशिष्ट वस्तूचा घटकच मानला जातो. दोन ग्रंथालये म्हणजे दाखलनोंदीचे दोन आराखडे. त्यामुळे वस्तूचे नाव घेऊन तिच्यातील आराखड्यावरून बाहेरूनही निर्मिती करता येते. सिम्युलाने जेथे तोंड बंद केले होते, तेथे बेटाने षष्ठी दिली. मात्र बेटाचा प्रसार प्रामुख्याने विद्यापीठीय वर्तुळातच राहिला. ह्या प्रश्नाशी सामान्य प्रोग्रॅमरची गाठ पडली ती जावामुळे.

५. जावा : षष्ठीचे पुनरागमन

सन मायक्रोसिस्टिम्स ह्या कंपनीत जेम्स गॉसलिंग यांच्या नेतृत्वाखाली घडलेली जावा ही भाषा १९९५ च्या मे महिन्यात जाहीर झाली. तिच्या पहिल्या आवृत्तीत अंतर्वर्ग नव्हते. १९९७ च्या फेब्रुवारीत आलेल्या १.१ ह्या आवृत्तीने ते आणले. त्यामागे एक व्यावहारिक निकड होती. पडद्यावरील बटण दाबले गेले असता काय करावे, हे ठरविण्याची पद्धत त्याच आवृत्तीत बदलली होती. आता प्रत्येक बटणाकडे एक ‘ऐकणारी’ वस्तू सोपवावी लागे. ही वस्तू लहानशीच असे. पण तिला ज्या खिडकीत ते बटण आहे त्या खिडकीची सर्व माहिती हवी असे. दर वेळी वेगळा वर्ग लिहून त्याच्या हाती खिडकीचा दुवा देत बसणे जिकिरीचे होते. अंतर्वर्गाने हे काम अंगावर घेतले.

येथे जावाने तीन वाक्यरचना ठेवल्या. (जावाच्या कळीच्या शब्दांना रोमन लिपीच लागते, वर्गांची नावे मात्र युनिकोडच्या आधारे देवनागरीतही चालतात. येथे सर्वच देवनागरीत दिले आहे.) पहिली, ग्रंथालयाच्या स्वतःच्या कार्यपद्धतीत उभे राहून ‘न्यू दाखलनोंद()’ असे म्हणणे. येथे संबंध उच्चारावा लागत नाही. बोलणारे ग्रंथालयच ती नोंद आपली म्हणून स्वीकारते. दुसरी, बाहेरून ‘विद्यापीठग्रंथालय.न्यू दाखलनोंद()’ असे म्हणणे. येथे टिंब हा षष्ठीचा प्रत्यय होय : विद्यापीठग्रंथालयाची नवी दाखलनोंद. तिसरी, पोटातील वर्गास ‘स्टॅटिक’ हे विशेषण लावून ‘न्यू ग्रंथालय.वर्गांक()’ असे म्हणणे. तिसऱ्या रचनेत टिंब आहे खरे. पण ते वर्गाच्या नावामागे आहे, वस्तूच्या नावामागे नाही. ते पत्ता सांगते, नाते सांगत नाही.

‘न्यू’ हा शब्द टिंबाच्या आधी आहे की नंतर, एवढ्यावर हा अर्थभेद अवलंबून असल्याने नवशिक्याची दृष्टी तेथे हमखास चुकते. विद्यार्थ्याचा पहिला अपघात ठरलेला असतो. आज्ञावलीचा आरंभ जेथे होतो, ती ‘मेन’ ही कार्यपद्धती सामान्यतः स्टॅटिक असते. म्हणजे तेथे बोलणारी वस्तूच नसते. तेथे विद्यार्थी ‘न्यू दाखलनोंद()’ असे लिहितो आणि भाषांतरक नकार देतो. जेथे ‘मी’ नाही तेथे ‘माझे’ कोठून येणार, असा त्या नकाराचा मथितार्थ आहे. ती निनावी पाटीवरची आई आहे. ह्यावर सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे आतल्या वर्गास स्टॅटिक हे विशेषण चिकटविणे. त्या वर्गाने बाह्यवस्तूचे काही वापरलेले नसेल, तर तक्रार तत्काळ थांबते. परंतु तक्रार थांबली म्हणून प्रश्न सुटला, असे होत नाही. त्या एका शब्दाने दाखलक्रमांकाचा वर्गांक केला जातो. म्हणजे दुरुस्ती लेखनाची नव्हे, अर्थाची होते. ती योग्य की अयोग्य, हे नोंदीस ग्रंथालय हवे की नको यावरून ठरले पाहिजे, तक्रार थांबली की नाही यावरून नव्हे.

६. न उच्चारलेल्या शब्दाची किंमत

जावाने ही व्यवस्था कशी साधली, हेही पाहण्यासारखे आहे. जावाच्या आज्ञा ज्या आभासी यंत्रावर चालतात, त्याच्या आज्ञासंचात अंतर्वर्गासाठी काहीही बदल झाला नाही. सर्व काम भाषांतरकाने केले. तो आतला वर्ग बाहेर काढून स्वतंत्र वर्ग बनवी, त्याच्या निर्मितीच्या वेळी बाह्यवस्तूचा एक छुपा दुवा त्याच्या हाती देई, आणि तो दुवा एका छुप्या जागेत जपून ठेवी. लिहिणाऱ्याने जो ‘माझ्या’ हा शब्द उच्चारला नव्हता, तो यंत्राच्या पातळीवर प्रत्येक वस्तूत लिहिला जाई. शिवाय परस्परांचे खाजगी घटक वापरता यावेत म्हणून भाषांतरक आणखी काही छुप्या कार्यपद्धती घुसडी. आतल्या आणि बाहेरच्या वर्गांचे घरोब्याचे नाते यंत्रास खऱ्या अर्थाने समजू लागले ते २०१८ च्या जावा ११ पासून.

ह्या छुप्या दुव्याची किंमत पुढे कळली. जावात नको झालेल्या वस्तू स्मृतीतून आपोआप काढल्या जातात. परंतु ज्या वस्तूकडे कोणाचा तरी दुवा शिल्लक आहे, ती नको झाली असे यंत्र मानीत नाही. दाखलनोंदीची एक चिठ्ठी कोणाच्या खणात राहिली, म्हणून अख्खे ग्रंथालय पाडता येऊ नये, असा हा प्रकार आहे. अँड्रॉइड ह्या प्रणालीवर तो विशेष ठळकपणे दिसला. हातातील फोन आडवा केला, की पडद्याची जुनी वस्तू जाऊन सामान्यतः नवी निर्माण होते. परंतु काही काळाने पोहोचावयाचा एखादा निरोप त्या जुन्या पडद्याच्या अंतर्वर्गातील वस्तूकडे असला, तर तो निरोप पोहोचेपर्यंत जुना पडदा, त्यावरील चित्रांसह, स्मृतीत अडकून राहतो. लिहिणाऱ्याच्या मजकुरात ह्याचे कारण कोठेही दिसत नाही, कारण दोषी शब्द लिहिलेलाच नसतो.

जोशुआ ब्लॉक यांनी २००१ साली जावावरील आपल्या सुप्रसिद्ध पुस्तकात, गरज नसेल तर पोटातील वर्ग स्टॅटिक ठेवावा, असा सल्ला दिला तो ह्याच कारणाने. त्या सुमारास आलेल्या सी शार्प ह्या भाषेने छुपा दुवा नाकारला. २०१६ साली पहिली आवृत्ती प्रसिद्ध झालेल्या कॉटलिनने गृहीतच उलटविले : पोटातील वर्ग मुळात संबंधनिरपेक्ष, संबंध हवा असेल तर ‘इनर’ हा शब्द स्पष्टपणे लिहावा. जावात मौनाचा अर्थ ‘माझा’ असा होता, कॉटलिनमध्ये मौनाचा अर्थ ‘कोणाचाही नाही’ असा झाला. अखेरीस २०२२ च्या मार्चमध्ये आलेल्या जावा १८ पासून भाषांतरकही तारतम्य पाहू लागला. अंतर्वर्गाने बाह्यवस्तूचा वापर केलेलाच नसेल, तर छुपा दुवा सामान्यतः साठविला जात नाही. तथापि निर्मितीच्या वेळी बाह्यवस्तू सांगितली पाहिजे, हा नियम कायमच आहे. व्याकरणाने मागितलेली षष्ठी अर्थाच्या दृष्टीने रिकामी ठरली, तर ती विसरण्याची मुभा यंत्रास मिळाली, एवढेच.

७. दोन ग्रंथालयांच्या नोंदी

सिम्युलाने टाळलेला दुसरा प्रश्न, म्हणजे दोन बाह्यवस्तूंच्या अंतर्वस्तू एकाच प्रकारच्या मानाव्यात काय, हा जावानेही पुरता सोडविला नाही. जावाच्या लेखी सर्व ग्रंथालयांच्या दाखलनोंदी एकाच प्रकारच्या असतात. विद्यापीठाची नोंद एखाद्या महाविद्यालयाच्या वहीत घातली, तर भाषांतरक हरकत घेत नाही. बेटाच्या परंपरेत वाढलेल्या एरिक एर्न्स्ट यांनी २००१ साली ‘कुटुंबनिष्ठ बहुरूपता’ अशी कल्पना मांडून ह्या उणिवेवर बोट ठेवले. एका कुटुंबाची माणसे दुसऱ्याच्या पंक्तीत चुकून बसणार नाहीत, ह्याची हमी आज्ञावली चालविण्यापूर्वीच मिळाली पाहिजे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मार्टिन ओडर्स्की यांनी घडविलेल्या स्काला ह्या भाषेत तशी सोय आहे. तेथे ‘विद्यापीठग्रंथालयाची दाखलनोंद’ आणि ‘महाविद्यालयग्रंथालयाची दाखलनोंद’ हे दोन भिन्न प्रकार ठरतात. आणि ‘कोणत्याही ग्रंथालयाची का होईना, पण दाखलनोंद’ असे म्हणावयाचे असल्यास त्यासाठी निराळे चिन्ह योजावे लागते.

ह्या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष असा की, अंतर्वर्गाची निर्मिती हा लेखनरीतीचा किरकोळ तपशील नाही. सिम्युलाने संबंध संदर्भावर सोपवून परक्यास बोलू दिले नाही. सी प्लस प्लसने संबंध नाकारला. बेटाने तो वस्तूच्या स्वभावात मुरविला. जावाने तो मुक्याने बांधला आणि त्याचे ओझे वाहिले. कॉटलिनने तो उच्चारावयास लावला. नैसर्गिक भाषेत ‘आई’ ह्या शब्दामागची षष्ठी गाळली, तरी ऐकणारा माणूस ती भरून काढतो आणि चुकल्यास विचारतो. यंत्र विचारीत नाही. ते एकतर नकार देते किंवा न बोललेला शब्द मुकाट्याने लिहून ठेवते. म्हणून पोटातील वर्ग लिहिण्यापूर्वी, ती वस्तू कोणाची आहे आणि तिला ते आठवण्याची गरज आहे काय, हे दोन प्रश्न लिहिणाऱ्यानेच स्वतःस विचारले पाहिजेत. दाखलनोंदवही आणि वर्गीकरणाचे कोष्टक यांतील फरक ज्यास कळला, त्यास ह्यांची उत्तरे अवघड जाऊ नयेत.